सर्वांसाठी खुले ग्रंथालय आणि देवघेव विभागातील कर्मचारी

सार्वजनिक ग्रंथालयात केवळ पुस्तक बदलून नेण्यासाठी येणारा वाचक हा आज तेथे येणाऱ्या अनेकांपैकी एक आहे. दिवसाचे काही तास घराबाहेर काढण्यासाठी येणारे ज्येष्ठ नागरिक, स्पर्धा परीक्षांच्या ताणाखाली वावरणारे तरुण, दृष्टिहीन वाचक, मानसिक आजाराशी झगडणाऱ्या व्यक्ती, निवारा नसलेले लोक आणि सरकारी अर्ज कोणीतरी समजावून द्यावा अशी अपेक्षा बाळगणारे नागरिक, या सर्वांचे पाय ग्रंथालयाकडे वळतात. आत येण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही आणि येण्याचे कारणही कोणी विचारत नाही, अशा जागा शहरांत फार थोड्या उरल्या आहेत.

या वाचकांना पुस्तकापेक्षा अधिक काही हवे असते. कोणाला वेळ हवा असतो, कोणाला धीर, तर कोणाला योग्य ठिकाणचा पत्ता. ही गरज भागविण्याची जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी देवघेव विभागात बसलेल्या एकाच कर्मचाऱ्यावर येऊन पडते. त्याला त्याचे प्रशिक्षण मिळालेले नसते, तसा लेखी अधिकारही नसतो. अशा वाचकांची सेवा आणि कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा समज त्यातून निर्माण होतो. वस्तुतः दुसरी गोष्ट सांभाळल्याखेरीज पहिली फार काळ टिकत नाही.

खुल्या दाराची वाटचाल

मराठी समाजाला ग्रंथसंग्रहाची परंपरा जुनी आहे. झाशी संस्थानातील राजवाड्याचा ग्रंथसंग्रह आणि १८५८ मध्ये झालेला त्याचा विध्वंस यांचे वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात आढळते. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा दरबारी संग्रहांचा उपयोग स्वाभाविकपणेच पंडित आणि आश्रितांपुरता मर्यादित असे.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलू लागले. रत्नागिरी येथे १८२८ मध्ये, नाशिक येथे १८४० मध्ये आणि पुणे येथे १८४८ मध्ये ग्रंथालये सुरू झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. या संस्था वर्गणीदारांच्या बळावर उभ्या राहिल्या. ग्रंथालय ही शासनाने जोपासावयाची लोकसेवा आहे, या तत्त्वाला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याने राज्यात वैधानिक अधिष्ठान मिळाले. राज्यात आज अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये असून त्यांपैकी बहुसंख्य स्वयंसेवी संस्थांकडून चालविली जातात.

राजाच्या संग्रहात कोणाला प्रवेश द्यावयाचा हे राजा ठरवीत असे. वर्गणीदारांच्या ग्रंथालयात वर्गणी ही एक चाळणी होती. मुक्तद्वार वाचन विभागात अशी कोणतीही चाळणी नसते आणि नसावी. आजचा प्रश्न या मोकळेपणातूनच उभा राहिला आहे. त्यामुळे त्याचे उत्तर दार बंद करण्यात शोधता येणार नाही.

गरजा वेगवेगळ्या, खिडकी एकच

अधिक साहाय्याची गरज असलेले सर्व वाचक एकाच प्रकारचे नसतात. एकाकी ज्येष्ठ नागरिक कर्मचाऱ्याशी तासभर बोलत राहतो. त्याची गरज संवादाची असते. अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्या उमेदवाराला निकालाची, वयोमर्यादेची आणि घरच्या अपेक्षांची धास्ती असते. परीक्षा पुढे ढकलली गेली की अभ्यासिकेतील वातावरण कसे पालटते, याचा अनुभव पुण्याने मार्च २०२१ मध्ये घेतला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा लांबणीवर पडल्याचे जाहीर होताच त्या वेळी उमेदवार रस्त्यावर उतरले होते. जागेवरून होणारी भांडणे, विलंब शुल्कावरून चढणारा आवाज, एखाद्या महिला कर्मचाऱ्याकडे एकटक पाहत बसणारी व्यक्ती, हेही ग्रंथालयातील वास्तव आहे.

मानसिक आजाराच्या बाबतीत समाजातील परिस्थितीचे प्रतिबिंब वाचनकक्षात उमटणे अपरिहार्य आहे. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले होते. आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचेही त्यातून दिसून आले. ज्यांच्यापर्यंत दवाखाना पोहोचत नाही, त्यांच्यापैकी काही जण ग्रंथालयापर्यंत पोहोचतात. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कोणालाही उपद्रव देत नाहीत, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. वाचनकक्षात आवाज चढविणारी व्यक्ती आजारीच असेल असे नाही आणि आजारी व्यक्ती आवाज चढवीलच असेही नाही.

भार कोणावर पडतो

राज्यातील ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी असून शासकीय अनुदान त्यानुसार ठरते. या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. त्यानुसार ड वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजार रुपयांवरून ४८ हजार रुपयांवर, तर जिल्हा स्तरावरील अ वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान ७ लाख २० हजार रुपयांवरून ११ लाख ५२ हजार रुपयांवर गेले. अनुदानाची निम्मी रक्कम कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी असते. या दराने हिशेब केल्यास ड वर्गातील ग्रंथालयात वेतनासाठी वर्षाला २४ हजार, म्हणजे महिन्याला २ हजार रुपये उपलब्ध होतात. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा प्रश्न व्यंकप्पा पत्की समितीसह अनेक व्यासपीठांवर मांडला गेला असून कर्मचारी संघटनांची ती जुनी मागणी आहे.

या मोबदल्यात कर्मचाऱ्याकडून ग्रंथनोंदणी, देवघेव, झाडलोट आणि हिशेब यांबरोबरच आणखी एका कामाची अपेक्षा केली जाते. ते काम कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. संतापलेल्या माणसासमोर शांत राहणे, रडणाऱ्याला धीर देणे, अपमान झाला तरी चेहऱ्यावर न दाखविणे, हे ते काम होय. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये त्याला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करताना त्यांनी ही संकल्पना मांडली. ग्रंथालयाच्या खिडकीलाही ती तितकीच लागू पडते.

अशा श्रमांना विश्रांती आणि आधार मिळाला नाही, तर त्याचे परिणाम होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामातून येणाऱ्या अशा थकव्याची दखल घेतली. संघटनेने त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले असून तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमतेत घट. दीर्घकाळ हाताळला न गेलेला कामाचा ताण हे तिचे कारण मानले आहे.

यातील दुसरे लक्षण वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. थकलेला कर्मचारी तुसडा होतो. नियमित सभासदाला त्याची झळ कमी बसते. तो कार्यवाहांकडे तक्रार करू शकतो. ज्याला तक्रार कोठे करावयाची हे ठाऊक नसते, तो दुर्बल वाचक मात्र पुन्हा येत नाही.

व्यवस्था असली की काम सोपे होते

एखादी गरज व्यवस्थेने उचलली की व्यक्तीवरचा भार किती कमी होतो, याचे चांगले उदाहरण दृष्टिहीन वाचकांचे आहे. पूर्वी अशा वाचकाला पुस्तक हवे असल्यास ते कोणीतरी वाचून दाखवावे लागे. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे वाचनसुलभ रूपांतर करण्यास मोकळीक मिळाली. याच विषयावरील मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये हा करार अमलात आला. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय देशात सुरू झाले. पणजी येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे. आता कर्मचाऱ्याने वाचकाला या सुविधेपर्यंत नेऊन पोहोचविले तरी पुरेसे होते. त्याच्या सहनशीलतेची परीक्षा होत नाही.

सामाजिक आणि मानसिक गरजांच्या बाबतीत असाच मार्ग परदेशांतील काही ग्रंथालयांनी स्वीकारला आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को सार्वजनिक ग्रंथालयाने शहराच्या आरोग्य विभागाच्या सहकार्याने २००९ मध्ये पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्तीची नेमणूक केली. पूर्वी स्वतः बेघर राहिलेल्या व्यक्तींनाही वाचकांशी संपर्क साधण्याच्या कामावर घेण्यात आले. निवारा, उपचार आणि शासकीय मदत यांची माहिती त्यांच्याकडून मिळू लागली. त्यानंतर अमेरिकेतील अनेक शहरांनी हा मार्ग अनुसरला.

तेथेही प्रश्न संपलेला नाही. ‘अर्बन लायब्रेरियन्स युनाइट’ या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ६८ टक्के ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी वाचकांच्या हिंसक किंवा आक्रमक वर्तनाचा अनुभव आल्याचे सांगितले. पाहणीत स्वेच्छेने सहभागी झालेल्यांचीच ही उत्तरे असल्याने ती सर्व ग्रंथालयांना लागू करता येणार नाहीत. तरीही साधनसंपन्न ग्रंथालयांतही कर्मचारी सुरक्षित असतीलच असे नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

कायदा काय सांगतो

ग्रंथालयांच्या व्यवस्थापनाला तीन कायद्यांची माहिती असणे उपयुक्त ठरते. कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम १९ नुसार कामाचे ठिकाण सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तेथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनची सुरक्षितताही त्यात अंतर्भूत आहे. त्यामुळे वाचकाकडून होणारा त्रास हा ‘कामाचा भाग’ म्हणून सोडून देता येत नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती नसते. अशा ठिकाणच्या महिला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे दाद मागू शकतात. बहुतेक लहान ग्रंथालये याच गटात मोडतात.

दुसरा कायदा मानसिक आरोग्य सेवेसंबंधीचा, २०१७ चा आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेली व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी कलम १०० नुसार पोलिसांवर आहे. अशा व्यक्तीला कोठडीत डांबता येत नाही. पोलिसांना बोलाविणे म्हणजे प्रत्येक वेळी कोणाला शिक्षा करविणे नव्हे, हे यावरून लक्षात येईल.

तिसरा कायदा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा, २०१६ चा होय. त्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश असून मानसिक आजारही त्यांपैकी एक आहे. म्हणजेच केवळ आजारी दिसते या कारणावरून एखाद्या व्यक्तीला दारातून परत पाठविणे योग्य ठरत नाही.

नियम वर्तनाविषयी असावा

या पार्श्वभूमीवर लहान ग्रंथालयालाही काही गोष्टी फारशा खर्चाविना करता येण्यासारख्या आहेत. त्यांतील पहिली म्हणजे लेखी नियम. नियम माणसाच्या रूपाविषयी नव्हे, तर वर्तनाविषयी असावा. टेबलावर झोपू नये असा नियम असल्यास तो मळक्या कपड्यांतील माणसाला जसा लागू होतो, तसाच वृत्तपत्र उघडे ठेवून डुलकी घेणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यालाही व्हावयास हवा. एकाला उठविले आणि दुसऱ्याकडे पाहून हसून सोडून दिले, तर तो नियम राहत नाही.

अभ्यासिकेतील जागेबाबतही हेच लागू होते. किती वेळ जागा सोडली की ती दुसऱ्याला मिळेल, हे भिंतीवर लिहिलेले असल्यास कर्मचाऱ्याला वाद घालावा लागत नाही. तो फलकाकडे बोट दाखवू शकतो. विलंब शुल्काची ठरावीक रक्कम माफ करण्याचा अधिकार त्याला दिल्यास अनेक भांडणे सुरू होण्याआधीच मिटतात.

नियम सांगण्याची पद्धतही महत्त्वाची असते. सर्वांसमोर मोठ्याने हटकण्यापेक्षा बाजूने जवळ जाऊन, हलक्या आवाजात, दोन हात अंतर राखून बोलणे परिणामकारक ठरते. ‘तुम्ही नेहमीच गोंधळ घालता’ असे म्हटल्याने समोरचा माणूस दुखावतो. ‘आपला आवाज आत ऐकू जातो आहे, बाहेरच्या बाकावर बसून बोलू या’ असे म्हटल्यास त्याला मान राखून बाहेर पडता येते. अंगाच्या दुर्गंधीविषयी बोलण्याची वेळ आली, तर ते एकांतात बोलावे आणि जवळचे सार्वजनिक स्नानगृह कोठे आहे हेही सांगावे. स्वच्छ होऊन परत येण्याचे निमंत्रण त्या बोलण्यात असले पाहिजे.

नियम मोडला तर पुढे काय, हेही आधीच ठरलेले असावे: प्रथम सूचना, नंतर त्या दिवसापुरते बाहेर जाण्याची विनंती आणि गंभीर प्रसंगी ठरावीक मुदतीची बंदी. बंदीचा निर्णय एकट्या कर्मचाऱ्याने न घेता कार्यकारी मंडळाने घ्यावा आणि त्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी वाचकाला द्यावी.

या सर्वांत एक अडचण वारंवार उद्भवते. नियम दाखविला म्हणून चिडलेला सभासद थेट विश्वस्तांना दूरध्वनी करतो आणि विश्वस्त परस्पर नियम शिथिल करतात. कर्मचाऱ्याची त्या दिवशीची मानहानी तेवढ्यावर थांबत नाही. पुढच्या वेळी तो नियम सांगण्याचेच टाळतो किंवा जो तक्रार करू शकत नाही त्यालाच सांगतो. सवलत द्यावयाची असल्यास ती कर्मचाऱ्याशी बोलून आणि त्याच्याच हातून दिली जावी.

प्रसंग घडून गेल्यावर

त्रासदायक प्रसंगानंतर कर्मचाऱ्याने लगेच पुढच्या वाचकाचे पुस्तक नोंदवावे, अशीच बहुतेक ठिकाणी अपेक्षा असते. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे खिडकी दुसऱ्याने सांभाळावी, एवढी तरतूद शक्य आहे. दोन किंवा अधिक कर्मचारी असल्यास देवघेव आणि आतील कामे यांची आलटून पालटून वाटणी करता येते. एकच कर्मचारी असलेल्या ग्रंथालयात मंडळाच्या सदस्यांनी किंवा स्वयंसेवकांनी गर्दीच्या तासांना बसण्याची पाळी ठरवून घ्यावी. सायंकाळी ग्रंथालय बंद करताना कर्मचारी, विशेषतः महिला कर्मचारी, एकटी असू नये.

प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवणे ही दुसरी आवश्यक बाब आहे. तारीख, वेळ, काय घडले, कोण काय बोलले आणि काय केले, एवढेच लिहावे. ‘वेडा’, ‘दारुडा’ असे शेरे टाळावेत. निदान करणे हे ग्रंथालयाचे काम नव्हे. ही वही कुलपात राहावी आणि दरमहा मंडळाच्या बैठकीत वाचली जावी. प्रसंग विशिष्ट वेळी किंवा विशिष्ट कोपऱ्यात पुन्हा पुन्हा घडत असल्यास नोंदींवरून ते कळते आणि टेबल हलविण्यासारख्या साध्या उपायानेही फरक पडू शकतो. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, आपल्यावर आलेला प्रसंग संस्थेने वाचला, ही जाणीव कर्मचाऱ्याला आधार देते.

मर्यादा कोठे आखावी

सहृदय कर्मचारी अनेकदा आपला खासगी भ्रमणध्वनी क्रमांक देतो, उसने पैसे देतो, घरापर्यंत सोडावयास जातो. हेतू चांगला असला तरी त्यातून वाचकाचे अवलंबित्व आणि कर्मचाऱ्याची दमणूक वाढते. त्याचे काम ऐकून घेणे, शांत जागा देणे आणि योग्य ठिकाणची वाट दाखविणे एवढे आहे. उपचार करणे किंवा समुपदेशन करणे त्यात येत नाही.

वाट दाखविण्यासाठी देशभर चालणारे काही क्रमांक खिडकीजवळ लावता येतात. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ग्रंथालय पुण्यात असो वा झाशीत, हेच क्रमांक लागू पडतात. जिल्हा रुग्णालय, जवळचे पोलीस ठाणे, रात्रनिवारा आणि विधी सेवा प्राधिकरण यांचे स्थानिक पत्ते त्यात जोडावेत. कोणी जीव देण्याची भाषा केल्यास त्याला एकटे सोडू नये आणि तत्काळ मदत मागवावी. हा फलक कर्मचाऱ्यांसाठीही आहे. टेलि-मानसवर त्यांनाही बोलता येते.

एकाकी ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी वाचक कट्टा भरविल्यास संवादाची गरज भागते आणि देवघेवीच्या खिडकीवर रांग अडत नाही. येथे वाचकाला नकार दिला जात नाही. त्याच्या गरजेला निश्चित जागा आणि वेळ दिली जाते.

दोन टोके टाळण्याची गरज

या विषयात दोन प्रकारचे धोके संभवतात. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून गरीब, आजारी आणि वेगळ्या दिसणाऱ्या माणसांना बाहेर ठेवणे हा पहिला. सेवाभावाचे गोडवे गाऊन कर्मचाऱ्याच्या तक्रारीकडे काणाडोळा करणे हा दुसरा. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा त्यांतील दुसऱ्या सिद्धान्ताचा आशय आहे. त्यात वाचकांची निवड करण्याला वाव नाही. मात्र तो ग्रंथ वाचकाच्या हाती देणारा माणूसही उद्या त्याच जागी असावा लागतो.

वेतनवाढ आणि सेवाशर्ती यांचे निर्णय शासनस्तरावर व्हावयाचे आहेत आणि त्यांना पर्याय नाही. लेखी नियम, प्रसंगांची नोंदवही, मदतीच्या क्रमांकांचा फलक आणि सायंकाळी सोबतीला दुसरी व्यक्ती, या चार गोष्टींसाठी मात्र कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. कार्यकारी मंडळाच्या एका बैठकीत त्या ठरू शकतात. त्या बैठकीला देवघेव विभागातील कर्मचाऱ्याला बोलावून, त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतल्यास सुरुवात योग्य ठिकाणाहून होईल.